पायगुण एक्क्याऐंशी

मुलाच्या लग्नाला तीन दिवस उरले होते आणि सारिका मगदूम सकाळपासून चौथ्यांदा दारातल्या पाटीपुढे येऊन उभी राहिली होती.

पाटी म्हणजे वहीच्या पानाएवढा काळा पडदा. उंबऱ्याच्या आत अंथरलेल्या पायपुसण्याला तो जोडलेला होता. कुणी अनवाणी त्यावर पाय दिला की पडद्यावर त्या माणसाच्या नावापुढे आकडा उमटायचा आणि त्याचा पाय पुन्हा पडेपर्यंत तसाच राहायचा. ओजस ९३. नंदकुमार ७४. सारिका ६९. आणि आक्का ८१.

ब्याऐंशी वर्षांची बाई, वीस वर्षांचा मधुमेह, आणि पायगुण सुनेपेक्षा बारानं जास्त. सारिकाला त्याचं वाईट वाटत नव्हतं, निदान ती तसं म्हणत असे. पण आज तिला कसलीतरी टोचणी लागली होती. फराळाचे डबे तिनं दोनदा उघडून दोनदा बांधले, चहा ओट्यावर विसरला, आणि पाय पुन्हा दाराकडे वळले.

"वैनी, त्यांनी अजून आकडा पाठवला न्हाई काय?" आतून शोभावन्संचा आवाज आला. नणंदबाई आठ दिवस आधीच मुक्कामाला आल्या होत्या आणि त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं.

"कोणाचा आकडा?"

"कोणाचा म्हणजे? नवरीचा! आमच्या जावेच्या भाच्याचं ठरलेलं लग्न मोडलं की. पोरगी दिसायला ही अशी, शिकलेली, आणि पायगुण निघाला एकोणचाळीस. बघूनशान करायचं असतंय."

"वन्सं, तो आकडा पायाच्या दुखण्याचा आहे. नशिबाचा नाही."

"मग पायगुण कशाला म्हंतासा? तुमीच तर नाव काढलासा न्हवं त्याचं?"

नाव तिनंच काढलं होतं.

सारिका इचलकरंजीतल्या मधुमेहाच्या एका दवाखान्यात पायांची नर्स होती. पायांची नर्स असं म्हटलं की लोक हसायचे, आणि पाय दुखायला लागला की धावत यायचे. बारा-बारा तास यंत्रमागापुढं उभं राहून टाच धरलेले कामगार यायचे. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना ब्रह्मांड आठवतं, असं सांगायचे. तळव्याला ताणून धरणारा पडदा टाचेपाशी दुखावलेला असतो, त्याला ताण द्यायचे व्यायाम आणि मऊ चप्पल एवढंच पुरतं, हे त्यांना पटवता पटवता तिचा घसा बसायचा. भेगांत मेण ओतणारे यायचे, अंगठ्याचं नख मांसात घुसेपर्यंत कोपरे कोरणारे यायचे, कुरूप दाढीच्या ब्लेडनं कापून घेऊन मग रक्त थांबेना म्हणून तोंड लपवत येणारे यायचे.

ही सगळी मंडळी कण्हत यायची आणि बरी होऊन जायची. सारिकाला भीती होती ती न कण्हणाऱ्यांची. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा हळूहळू मुक्या होतात. चपलेत खडा गेला तरी कळत नाही, गरम फरशीवर फोड आला तरी कळत नाही. माणूस त्याच पायानं चालत राहतो आणि एक दिवस मोज्याला डाग दिसतो. तोवर जखम हाडापर्यंत पोहोचलेली असते. दुखणं हा शरीराचा पहारेकरी, आणि इथं तोच झोपलेला. कापलेली बोटं मोजायचं सारिकानं कधीच सोडून दिलं होतं.

मग सात वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचे लोक ते पायपुसणं घेऊन दवाखान्यात आले. कल्पना साधी होती. जखम व्हायच्या आधी काही आठवडे ती जागा आतून तापते. डाव्या आणि उजव्या पायाच्या त्याच जागेत दोन अंशांहून जास्त फरक सतत दिसला, की समजायचं, इथं आग लागते आहे. पायपुसण्यात पायातले बदल टिपणारी हजारो बारीक यंत्रं होती. ती प्रत्येक ठिकाणची उष्णता बघायची, वजन कुठं जास्त पडतं ते बघायची, पाऊल कसं उचललं जातं तेही बघायची आणि त्यावरूनच माणूस ओळखायची. परदेशात असलं यंत्र चाललं नव्हतं, कारण तिथले लोक घरातही पाय झाकून हिंडतात. आपल्याकडे चपला दाराबाहेर काढायची रीत, त्यामुळे घरात शिरणारा प्रत्येक पाय उघडा. कंपनीचा अभियंता निनाद कर्णिक म्हणायचा, हे यंत्र आपल्या उंबऱ्यासाठीच जन्माला आलं आहे.

त्याला सगळं सुचलं होतं, फक्त आकड्याला नाव सुचत नव्हतं. तज्ज्ञांच्या समितीनं 'पदारोग्य निर्देशांक' असं काढलं. ते उच्चारताना निनादचीच जीभ अडखळायची. बैठकीत सारिका कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "पायगुण म्हणा की."

सगळे हसले आणि सगळ्यांना आवडलं. सारिका मात्र गंमत करत नव्हती.

तीस वर्षांपूर्वी ती माप ओलांडून या घरात आली, त्याच दिवशी संध्याकाळी मागच्या शेडला शॉर्टसर्किटनं आग लागली आणि चारही माग जळाले. माणसं वाचली. पण आक्का, तिच्या सासूबाई, अंगणात सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाल्या, "पांढऱ्या पायाची आली गं घरात." सारिकाच्या हातावरची मेंदी अजून ओली वाटत होती. पुढं माग नवे आले, कारखाना वाढला, ओजस झाला, आणि आक्कांनी तो शब्द पुन्हा कधी काढला नाही. मागेही घेतला नाही. तेव्हापासून सारिका सणावाराला आक्कांना वाकून नमस्कार करायची, पण तिची बोटं पायाच्या दोन बोटं वर थांबायची. बघणाऱ्याला कळत नसे. त्या दोघींना कळत असे.

म्हणून तिनं ते नाव सुचवलं. पायगुण एकदा मोजता यायला लागला की हा खुळचटपणा संपेल, उष्णता आणि वजन यांच्यापुढं पांढरं-काळं टिकणार नाही, असा तिचा हिशेब होता.

झालं उलटंच. शब्द धुऊन निघाला नाही, आकडाच त्याच्या रंगात बुडाला. पहिली दोन वर्षं झकास गेली, शेकडो पाय वाचले. मग लोक पाटीकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. दुकानाच्या उद्घाटनाला पन्नासच्या खालचा पाहुणा नको. भाडेकरूचा आकडा आधी बघा. बाळ बघायला येणाऱ्या बायकांना दारातच थांबवा, पाटी काय म्हणते बघू. टाचदुखीनं आकडा दहानं उतरतो आणि दोन महिन्यांत परत चढतो, हे ऐकायला कुणाला सवड नव्हती.

त्या दिवशी दुपारी ती दवाखान्यात गेली. घरात लग्न आणि ही कामावर, म्हणून वन्संनी नाक मुरडलं, पण घरात तिचा पाय ठरत नव्हता. टेबलावर बाबूराव चौगुले होते. बिघडलेले माग दुरुस्त करणारे जॉबर, पंचावन्नचे. उजव्या अंगठ्याखाली जखम, रुपयाएवढी, आणि वास. सारिकानं वास घेतला आणि तिला पुढचं सगळं दिसलं.

"बाबूराव, तुमच्या घरी पायपुसणं आहे ना? दवाखान्यानंच दिलेलं."

"हाय की."

"मग हे एवढं होईपर्यंत त्यानं सांगितलं नाही?"

बाबूरावांनी छताकडे बघितलं. "गुंडाळून माळ्यावर टाकलंय बाई. पोरीला बघायला येणार हुते. दारातच पाटी. बापाचा पायगुण चौतीस म्हटल्यावर पोरीला कोण करून घेईल?"

"मला सांगायचं होतं. मी घरी येऊन बघितलं असतं."

"तुमी बघितलं असतं तर आकडा चढला असता व्हय?" ते अगदी शांतपणे म्हणाले. त्यांना काही दुखत नव्हतं. अंगठा जाणार होता, आणि त्यांना काहीच दुखत नव्हतं.

ड्रेसिंग संपवून सारिकानं हातमोजे काढले आणि तडक निनादला फोन लावला. "नाव बदला," ती म्हणाली.

"मॅडम, आता? अहो, कानडीतही पायगुणच ठेवलंय. नावामुळेच तर घराघरात गेलं."

"मग आकडा झाका. लोक पायपुसणी माळ्यावर टाकायला लागलेत. ज्यांना गरज आहे तेच टाकतात."

"ती सोय पहिल्यापासून आहे. पाटीची वायर काढली की पाटी बंद. पायपुसणं चालूच राहतं, निरोप फक्त घरातल्या एका फोनवर येतो, नाहीतर थेट नर्सकडे." निनाद म्हणाला. "पण वायर कोणी काढत नाही, मॅडम. तुम्ही काढलीत?"

सारिकानं फोन ठेवला. तिनंही काढली नव्हती. का नव्हती, हे तिला रिक्षात बसल्यावर स्वतःशी कबूल करावं लागलं. तिला वाट बघायची होती. एक ना एक दिवस आक्कांचा आकडा उतरेल, आपल्या आकड्याच्या खाली येईल आणि सगळ्या घराला दिसेल. सात वर्षं ती रोज सकाळी त्यासाठी पाटी बघत होती. पाय बघण्याचा पगार घेणारी बाई, आणि घरात नुसता आकडा बघत होती. तिला स्वतःची लाज वाटली.

घरी आली तर आक्का परसात उन्हाला बसलेल्या. हल्ली त्या मागच्या दारानंच ये-जा करायच्या. तुळस तिकडं, ऊन तिकडं, पुढं पाहुण्यांची गर्दी. पायांवर घोंगडी घेतली होती.

"आक्का, पाय बघू जरा."

"काय झालंय माझ्या पायाला?"

"काही नाही. बघते नुसते."

"पाटीवर बघ जा की. तूच लावलीयास न्हवं? एक्क्याऐंशी हाय." आक्कांनी घोंगडी गुडघ्यांपर्यंत ओढून घेतली. "जा, लग्नघर हाय, कामं पडल्यात."

दुसरी कोणी बाई असती तर सारिकानं घोंगडी स्वतः बाजूला केली असती, रोज दवाखान्यात ती तेच करायची. पण या आक्का होत्या. तिचा हात पुढं झाला आणि सवयीनं दोन बोटं वर थांबला. मग ती आत गेली आणि तिसऱ्यांदा फराळाचे डबे उघडले.

लग्न मिरजेला झालं आणि वरात दुसऱ्या दिवशी सकाळीच इचलकरंजीला परतली. डिसेंबरची थंडी होती. दारात रांगोळी, उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप, आणि आत पायपुसण्याच्या अलीकडं पितळी परातीत कुंकवाचं पाणी. मगदुमांच्या घरची रीत अशी, की नवरीनं उजव्या पायानं माप लवंडायचं, तोच पाय कुंकवाच्या पाण्यात बुडवायचा आणि लाल पावलानं घरात यायचं. पन्नासेक माणसं दारात दाटली होती आणि त्यातली निम्मी नवरीकडे बघत नव्हती, पाटीकडे बघत होती.

नवरी म्हणजे ऋजुता. भूजल खात्यात विहिरींची पातळी मोजायचं काम करायची, उन्हानं रापलेली, बोलायला सरळ. आकडा तिनं पाठवला नव्हता तो नव्हताच. ओजसनं तिला सांगितलं होतं, "नको पाठवूस, मी तर हल्ली बूट घालूनच चढतो त्यावर, आकडा उमटतच नाही." तिनं हसून माप लवंडलं, पाय परातीत बुडवला, शहारली, आणि पायपुसण्यावर दोन्ही पावलं ठेवली.

पाटीवर आकडा आला. ३८.

फोटोवाल्याचं यंत्र तेवढं टकटक करत राहिलं.

"अगं बाई!" शोभावन्सं म्हणाल्या. मग हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मी म्हणत हुते न्हवं, आधी बघा म्हणून."

तीस वर्षांपूर्वीचं अंगण सारिकाला दिसलं, जळक्या सुताचा वास आला. नवरीचे आईवडील फाटकापाशी उभे होते आणि त्यांना अजून काही कळलं नव्हतं. सारिका माणसं सारत पुढं झाली.

"पाणी केव्हा भरलं होतं परातीत?"

"पहाटंच. का?" वन्सं म्हणाल्या.

"टॉवेल द्या. लवकर." सारिकानं ऋजुताचा उजवा पाय कोरडा केला, दोन्ही तळव्यांत धरून चोळला, ऊब येईपर्यंत. "एक पाय बर्फासारखा आणि एक गरम. पायपुसण्याला वाटणारच, डाव्या पायात आग लागलीय म्हणून. ते बनवणाऱ्यांना आपलं कुंकवाचं पाणी ठाऊक नव्हतं. जा बाळ, पुन्हा चढ."

ऋजुता पुन्हा चढली. ९१.

दारातून मोठा उसासा निघाला, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, फोटोवाल्यानं आकड्यासह नवरीचा फोटो काढायला वाकून जागा घेतली. वन्सं म्हणाल्या, "बघा, मला वाटलंच!" ऋजुताही हसली. "आमच्यात पहिलं माप धरतच नाहीत. विहिरीत पट्टी सोडली की पहिलं टाकून द्यायचं."

मग तिचं हसू मावळलं. ती सारिकाकडे बघत होती. तिनं हळूच विचारलं, "आणि आई, खरंच अडतीस असता तर?"

सारिकाच्या हातात टॉवेल अजून तसाच होता. असता तर काय? टॉवेलनं पुसून जाणारा नसता तर? आपण या मुलीला आत्ता वाचवलं ते आकडा चढवून. बाबूराव हेच म्हणाले होते.

उत्तर द्यायची वेळ आलीच नाही. ओवाळायचं ताट घेऊन आक्का आतून निघाल्या होत्या आणि त्यांना वाट द्यायला मागं सरलेल्या वन्संचा पाय परातीला लागला. परात उलटली, कुंकवाचं पाणी फरशीभर पसरलं. बायका किंचाळून साड्या सावरत बाजूला झाल्या. आक्कांना त्याचं काही नव्हतं. त्या ताट सांभाळत त्या पाण्यातून सरळ चालत आल्या, नवरीपुढं थांबल्या, पायपुसण्याला अंग चोरून कडेकडेनं, आणि ओवाळायला लागल्या.

सारिका फरशीकडे बघत होती.

पांढऱ्या फरशीवर आक्कांची लाल पावलं उमटली होती. उजवं, डावं, उजवं, डावं. उजवं पाऊल कुणाचंही असतं तसं होतं. पुढं बोटं आणि चवडा, मागं टाच, आणि मधे कमानीची रिकामी जागा. डाव्या पावलाला मधली जागा नव्हती. ते टाचेपासून बोटांपर्यंत भरीव उठलं होतं, विटेसारखं, उलट मधेच जास्त लाल. दोन्ही पाय एकाच बाईचे आणि एकाला कमान, एकाला नाही. असं जन्मापासून नसतं. असं काही आठवड्यांत होतं, आणि का होतं ते सारिकाला पक्कं माहीत होतं.

ती पुढं झाली आणि आक्कांपुढं वाकली.

"आत्ता गं कशाला नमस्कार?" कुणीतरी म्हणालं.

सारिकाची बोटं सवयीच्या जागी आली, पायाच्या दोन बोटं वर. तिथं ती थांबली नाही. तिनं हाताची मागची बाजू आधी उजव्या पायावर टेकवली, मग डाव्या. उजवा पाय ओला, गार. डावा ओला असूनही भाकरीच्या तव्याच्या कडेसारखा तापलेला, फुगलेला.

"कधीपासून?" तिनं खालूनच विचारलं.

आक्कांनी ताट खाली घेतलं. "काय कधीपासनं?"

"आक्का."

"गौरीच्या सणानंतर. परसातल्या पायरीवरनं पाय घसरला. दुखलं न्हाई गं काय. सुजला नुसता."

"ओजस, खुर्ची आण. आक्का, आता एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही. उभंही राहायचं नाही." तिचा आवाज दवाखान्यातला झाला होता. आक्कांना खुर्चीत बसवून पाय दुसऱ्या खुर्चीवर घेतला, तेव्हा ती पाटीकडे वळली. आक्का ८१. तो आकडा तीन महिन्यांपूर्वीचा होता. आक्का तेव्हापासून पुढच्या दारानं आल्याच नव्हत्या, आणि पाटी बिचारी शेवटचं पाऊल धरून बसली होती. त्या पाटीपुढं सारिका रोज उभी राहत होती. आकडा एकानंसुद्धा हलत नाही, हाच तो टोचणारा खडा होता आणि तो तिला सापडला नव्हता.

"पण आई, का?" नंदकुमार कळवळून म्हणाले. "घरात नर्स आहे आपल्या!"

आक्कांनी मुलाकडे बघितलं नाही. त्या सारिकाकडे बघत होत्या. "मला ठावं हुतं, आकडा पडणार. भिंतीवर दिसणार. पाव्हण्यांदेखत." त्यांचा आवाज बारीक झाला. "हिला मी एकदा सगळ्यांम्होरं बोलले हुते. तिनं ते इसरलं न्हाई. कशी इसरंल? आता आपली पाळी, म्हटलं. मागच्या दारानं जाऊया आपलं."

ही गोष्ट खोटी आहे असं सारिकाला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली, पाटीपाशी गेली आणि मागची वायर ओढून काढली. पडदा विझला. एक्क्याण्णव गेला, एक्क्याऐंशी गेला, एकोणसत्तरही गेला.

"अहो वैनी, फोटो ऱ्हायलाय अजून," वन्सं म्हणाल्या.

"राहू दे," सारिका म्हणाली. "ऋजुता, गाडीपर्यंत आक्कांना खुर्चीसकट उचलायचंय. पदर खोच."

नव्या नवरीनं शालू खोचला आणि खुर्चीची एक बाजू धरली.

दवाखान्यात डॉक्टर उपाध्यांनी एक्स-रे दिव्यापुढं धरला. नसा मुक्या झालेल्या पायाची हाडं आतल्या आत मोडतात, माणसाला कळत नाही म्हणून तो चालत राहतो, आणि चालण्यानं ती आणखी चुरतात. शेवटी तळवा होडीच्या बुडासारखा बाहेर येतो, तिथं जखम होते आणि पाय जातो. आक्कांची कमान बसली होती, पण तळवा अजून बाहेर आला नव्हता. कातडी कुठं फुटली नव्हती.

"कमान गेली ती गेली," डॉक्टर म्हणाले. "पाय राहील. चार महिने प्लास्टर, वजन अजिबात नाही. दर आठवड्याला बदलायचं. महिनाभर उशीर झाला असता तर मी हे बोललो नसतो."

प्लास्टर दुसऱ्या कुणी घालायचा प्रश्नच नव्हता. सारिकानं साडीवरच एप्रन चढवला, आक्कांच्या पायावरचं कुंकू ओल्या कापडानं पुसलं, बोटाबोटांत कापूस भरला आणि पट्ट्या पाण्यात बुडवल्या. ऋजुतानं आक्कांचा गुडघा धरला होता. एकावर एक वेढे बसत गेले, बोटांपासून गुडघ्यापर्यंत. सारिकाचे तळवे टाचेवरून, घोट्यावरून फिरत राहिले, कुठं सुरकुती राहू नये म्हणून. तीस वर्षांत तिनं या पायांना एवढा वेळ हात लावला नव्हता.

आक्का उशीवरून मान उचलून आपल्या पायाकडे बघत होत्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"पांढरा झाला की गं," त्या म्हणाल्या.

सारिकाचे हात थबकले. ऋजुताला काही माहीत नव्हतं, ती दोघींकडे आळीपाळीनं बघायला लागली.

"मीच झाले आता पांढऱ्या पायाची." आक्कांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे ओघळलं, पण ओठ हसत होते. "म्हण की एकदा. चुकलं हुतं माझं. म्हणून टाक, मोकळी हो."

शब्द सारिकाच्या तोंडाशी तयारच होता. तीस वर्षं तिनं तो जपून ठेवला होता, त्याची धार तिला पाठ होती. तिनं तो शोधला आणि तो सापडलासुद्धा. हाताखाली प्लास्टर घट्ट व्हायला लागलं होतं, आणि घट्ट होताना ते नेहमी गरम होतं.

"आक्का, पाय हलवू नका," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला आणि तिनं तो फुटू दिला. "ओलं आहे अजून."

आणि पट्टी वाळेपर्यंत तिनं त्या पायावरचे दोन्ही हात काढले नाहीत.